घसारा वजा जाता

घटनेचा प्रकार

बायकोने जेवताना सांगितलं, "अहो, मी पदवी करायचं म्हणतेय. मानव विकास आणि कुटुंब अभ्यास."

पाहणीसाहेबांनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि छताकडे बघितलं.

यात बायकोचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. पाहणीसाहेब विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करत. कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की हे जाऊन काय जळलं, काय भिजलं, त्यातलं खरं किती आणि मालकाने मागच्या दाराने आणून ठेवलेलं किती, ते ठरवत. या धंद्यातला पहिला धडा असा की दुर्घटनेच्या जागी गेल्यावर माणसांकडे बघू नये, आधी छताकडे बघावं. माणसं रडतात, खोटं बोलतात, चहा घेणार का विचारतात. छत यातलं काही करत नाही. धूर कुठून आला, पाणी कुठून आलं, ते छतावर उमटलेलं असतं.

आत्ता छतावर ओलीचा डाग होता आणि त्याच्या बरोबर खाली, जेवणाच्या टेबलाशेजारी, एक निळी बादली. पण तिच्याबद्दल पुढे.

"कुटुंब?" पाहणीसाहेब म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगं, ते शिकायला बाहेर कशाला जायला हवं? घरातच आहे की."

"कुठे आहे?" बायकोने विचारलं.

तिने खोचकपणे विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं, चष्मा कुठे ठेवलाय हे विचारावं तसं. पाहणीसाहेबांनी इकडे तिकडे बघितलंसुद्धा. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून घरात ते दोघं होते. आणि बादली.

"पण का?"

"मला बघायचंय, हे असं सगळ्यांच्याच घरी होतं का."

"हे म्हणजे काय?"

"हेच," असं म्हणून तिने ताट उचललं.

यावर एखादा नवरा 'हो' म्हणाला असता, एखादा 'नाही' म्हणाला असता. पाहणीसाहेबांना या दोन्ही शब्दांची सवय नव्हती. उभ्या नोकरीत त्यांनी एकही दावा मंजूर केला नव्हता की नाकारला नव्हता. ते अहवाल द्यायचे. हो-नाही वरचे ठरवायचे. घरी वर कुणी नव्हतं, ही अडचण त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती. सोफा बदलायचा? पाहणी करतो. मुलाला सहलीला पाठवायचं? पाहणी करतो. हे नाव त्यांना सोसायटीने उगाच दिलेलं नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाहणी करतो. कुठल्या कॉलेजात काय खर्च, शिकून पुढे काय मिळतं, सगळं शेजारी शेजारी मांडतो. तोवर काही हलवू नकोस."

काही हलवू नकोस, हा धंद्यातला दुसरा धडा. पाहणी होईपर्यंत जळकं कपाटसुद्धा जागचं सरकवायचं नसतं. बायकोने सरकारी कॉलेजचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. पाहणीसाहेबांनी तो अर्ज, तिच्या जुन्या गुणपत्रिका आणि फोटो आपल्या कातडी बॅगेत टाकले. मूळ कागद पाहणी करणाऱ्याच्या ताब्यात असावेत.

"महिनाअखेरची मुदत आहे हो."

"अगं, अख्खा महिना पडलाय."

"बरं," ती म्हणाली. "थांबते."


घटनास्थळ

आता बादली.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण डॉक्टरांचं भरलं होतं, आणि त्यांनी त्या भरल्या पोटी न्हाणीघरात नवा टब बसवून घेतला होता. तेव्हापासून खाली थेंब पडायला लागला. घराचा विमा होता. दावा टाकायचा, पैसे घ्यायचे, छत दुरुस्त करायचं, एवढंच काम. पण नियम असा की कुठल्याही सर्व्हेअरने स्वतःच्या घराची पाहणी स्वतः करायची नाही. दुसऱ्या सर्व्हेअरला बोलवायचं. या भागात दुसरा सर्व्हेअर एकच होता, आणि एका जळालेल्या गिरणीवरून त्याच्याशी पाहणीसाहेबांचं बोलणं बंद होतं.

तो येईना. हे बोलवीनात. आणि पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नाही, म्हणून बादलीही हलवायची नाही. बायको रोज सकाळी ती उचलायची, रिकामी करायची आणि पुन्हा त्याच ओल्या वर्तुळावर ठेवायची. उचलणं म्हणजे हलवणं नव्हे, असा निर्णय पाहणीसाहेबांनी दिला होता. तो त्यांनी दिलेला एकमेव निर्णय.


शेजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे जबाब

दातांचे डॉक्टर, जिन्यात: "वहिनींना शिकू द्या हो. नाहीतरी घरात करणार काय? आणि ते गळतीचं, त्याचं काय झालं? नाही, मला घाई नाही."

खालच्या वहिनी, बागेला पाणी घालता घालता: "कुटुंबाची पदवी? म्हणजे नापास होणाऱ्यांनी काय करायचं? संसार सोडायचा?"

मेहुणे, म्हणजे बायकोचे सख्खे धाकटे भाऊ, नळांचं दुकान: "भावजी, मी सांगू का? ताईला तेवढ्या पैशात शिवणाची दोन मशिनं घेऊन द्या. मशिन विकता येतं. पदवी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक येईल का?"

या शेवटच्या मुद्द्यात पाहणीसाहेबांना तथ्य वाटलं. भंगारात किती येईल, हा प्रश्न त्यांनी आयुष्यात प्रत्येक वस्तूबद्दल विचारला होता.


वस्तूचं वय

तीन पर्याय निघाले. पहिला, काचेचं कॉलेज. इमारतच सगळी काचेची, फी अशी की आत शिरताना काचेवर डोकं आपटल्यासारखं व्हावं. दुसरा, सरकारी. फी बेताची, भिंतींना पोपडे, वर्गात पंखा नशिबाने. तिसरा, घरबसल्या. पुस्तकं टपालाने येणार, शिक्षक संगणकावर दिसणार, फी या दोहोंच्या मधली. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटाचं भाडं आपणच द्यायचं.

पाहणीसाहेबांनी टेबलावर मोठा कागद पसरला. फी, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च, तीन वर्षं. बायको समोर बसून शर्टाला बटण लावत होती.

"आता मिळकतीची बाजू," ते म्हणाले. "इथे वयाचा विचार करावा लागेल. पदवी हातात येईल तेव्हा तू बावन्न. नोकरी मिळालीच तर फार तर सहा वर्षं. शिवाय घसारा."

"कसला घसारा?"

"वस्तू वापरून जुनी होते ना, त्या मानाने किंमत कमी धरायची. आमच्याकडे तक्ता असतो. दहा वर्षांपुढची कुठलीही वस्तू सरळ निम्म्यावर."

बायकोने दोरा दाताने तोडला. "आणि एकोणपन्नास वर्षांची?"

"तसं नाही गं. तक्ता लाकडी सामानाचा आहे."

"आणि संसाराला लागलेलं सामान असेल तर?"

"वापर जास्त असेल तर आणखी थोडा..." एवढं बोलून पाहणीसाहेबांना कळलं की आपण बोलतोय. पण वाक्य निम्मं बाहेर आलं होतं, आणि निम्मं वाक्य आत ओढायची सोय तोंडाला नसते.

बायकोने शर्ट झटकून त्याची घडी घातली. "बटण पक्कं बसलंय," ती म्हणाली. "आणखी काही वर्षं जाईल."


पहिली पाहणी

खर्च कागदावर बसून काढता येतो. फळ बघायला जावं लागतं. प्रत्येक कॉलेजातून शिकून बाहेर पडलेलं एकेक माणूस गाठायचं आणि ते कामाच्या जागी कसं दिसतं ते बघायचं, असा पाहणीसाहेबांचा बेत होता. बेत चांगलाच होता. बेत नेहमीच चांगला असतो.

काचेच्या कॉलेजची विद्यार्थिनी एका पाळणाघरात मुख्य बाई होती. फाटकावरच्या आयाने पाहणीसाहेबांचे पांढरे केस बघून विचारलं, "आजोबा, कुणाला न्यायला आलात?"

"मी पाहणीला आलोय."

"सगळे आजोबा आधी पाहणीलाच येतात," असं म्हणून तिने त्यांना आत नेऊन एका लाल खुर्चीवर बसवलं. खुर्ची चार वर्षांच्या माणसासाठी होती. पाहणीसाहेब बसले, म्हणजे उतरले. खुर्चीला दोन हात होते, आणि त्यांनी पाहणीसाहेबांना आपलं म्हटलं.

बाई आल्या, समोर गुडघे टेकून बसल्या, त्यांच्या डोळ्याला डोळा आणला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "नवीन जागा आहे ना? थोडी भीती वाटते?"

"मी आपल्या पदवीविषयी विचारायला आलोय. खर्च आणि मिळकत."

बाईंचा आवाज एकदम मोठ्या माणसाचा झाला. "मिळकत? फीचं कर्ज अजून फेडतेय. पगारातून बसचा पास आणि हप्ता गेला की जे उरतं त्याला काय म्हणतात ते आम्हाला शिकवलं नव्हतं."

"मग पुन्हा केली असती का ही पदवी?"

बाईंनी मागे वळून बघितलं. खोलीत मुलं गाद्यांवर झोपली होती, एकाचं तोंड उघडं होतं. "हळू बोला," त्या म्हणाल्या, आणि तेवढंच म्हणाल्या.

एक मुलगी जागी होती. ती पाहणीसाहेबांजवळ आली, त्यांच्या टायला हात लावून बघितला आणि म्हणाली, "तू कोणाचा आहेस?"

पाहणीसाहेब घड्याळ बघून उठले. खुर्चीही उठली. आता सगळीच मुलं जागी झाली आणि हसायला लागली. बाईंनी टाळी वाजवली. "हसायचं नाही. कुणाचं शरीर ही हसायची गोष्ट नसते." मुलं गप्प झाली आणि गंभीर चेहऱ्याने बघत राहिली. हसत होती तेच बरं होतं. आया आणि बाई अशा दोघींनी मिळून खुर्ची ओढून काढली, तेव्हा तिचा एक हात निखळला.

बाहेर पडताना पाहणीसाहेबांनी खुर्चीची भरपाई दिली. स्वतःच्या खिशातून, घसारा वजा न करता.


दुसरी पाहणी

हिच्याबद्दल थोडक्यात सांगितलं तर बरं, असं पाहणीसाहेबांचं मत आहे. पण मत देणं हे त्यांचं काम नाही.

सरकारी कॉलेजातून शिकलेला तरुण कुटुंब सल्ला केंद्रात होता. केंद्रात शिरायचं तर नाव नोंदवावं लागे, आणि संगणकावर नाव नोंदवायचं तर जोडीदाराचं नाव घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे.

"जोडीदार आल्यात का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. मी माझ्यासाठी आलेलोच नाही. मी पाहणीला आलोय."

"येण्यास नकार," असं म्हणत बाईंनी बटण दाबलं. "बसा."

तरुण सल्लागाराच्या शर्टाची कॉलर झिजलेली होती, आणि खोलीत दोन खुर्च्या एकमेकींकडे तिरप्या ठेवल्या होत्या. पाहणीसाहेबांनी पगार विचारला. त्याने सांगितला. तो पाळणाघरातल्या बाईंच्या पगाराएवढाच निघाला. फरक एवढाच की याला फेडायचं काही नव्हतं. पाहणीसाहेबांना मनातून आनंद झाला. पाहणीत एवढा स्वच्छ निकाल क्वचित हाती लागतो.

"आता मी एक विचारू?" सल्लागार म्हणाला. "बायकोला तुम्ही शेवटचं कधी काही विचारलंत?"

"आज सकाळीच."

"काय?"

"छत्री कुठाय."

सल्लागाराने मान हलवली. डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी. पाहणीसाहेबांनी पटकन निरोप घेतला. पण उघडलेलं प्रकरण दोघांच्या सह्यांशिवाय बंद होत नाही, हे त्यांना दाराशी कळलं. आणि न बंद झालेल्या प्रकरणात केंद्र काय करतं, हे चार दिवसांनी कळलं, जेव्हा केंद्राची गाडी सोसायटीत आली आणि गाडीतून उतरलेल्या कार्यकर्तीने पहिल्याच दिसलेल्या गृहस्थांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना, मोठ्याने विचारलं, "घरात ताण असलेले ते पाहणीसाहेब कुठे राहतात?"

कार्यकर्ती घरात आली. तिने घर बघितलं. माणसांकडे आधी बघितलं नाही, हे पाहणीसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. ती सरळ बादलीपाशी जाऊन थांबली.

"ही कधीपासून?"

"पाहणी व्हायचीय," बायको म्हणाली.

"यांची तक्रार काय आहे?"

"माझी काहीच तक्रार नाही!" पाहणीसाहेब म्हणाले.

"मी यांना विचारतेय."

बायकोने बादलीकडे बघितलं. थेंब पडला. "माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "माझा अर्ज आहे. तो यांच्या बॅगेत आहे."

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पोचली की पाहणीसाहेबांकडे घटस्फोटाचा अर्ज तयार आहे. मेहुणे दुकान बंद करून आले. "भावजी, निदान मशिनं तरी घेऊन दिली असतीत."


मुलाचा जबाब

फोनवर, आवाज तुटत होता.

"बाबा, आईला बरं नाहीये का?"

"बरी आहे. शिकायचं म्हणतेय."

"डॉक्टरकाकांचा फोन आला होता, ते वेगळंच सांगत होते. बाबा, त्या फीचं काय ते मी पाठवतो. किती आहे?"

"तुलना चालू आहे."

"तुलना?"

"तिसरी पाहणी राहिलीय. मग अहवाल."

फोन तुटला की मुलाने ठेवला, ते निश्चित सांगता येत नाही.


तिसरी पाहणी

पहिल्या दोन पाहण्यांतच निकाल लागला होता, असं कुणीही म्हणेल. सरकारी स्वस्त, पगार सारखाच, अर्ज भरलेला, बॅगेत तयार. पण दोन दरपत्रकं बघून तिसरं सोडणारा सर्व्हेअर पाहणीसाहेबांनी कधी बघितला नव्हता, आणि अर्धवट अहवाल त्यांनी कधी दिला नव्हता. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. कॉलेजातली अर्ज घेणारी खिडकी दुपारी बारालाच बंद होणार होती.

"मी कॉलेजपाशी थांबते," बायको म्हणाली. "तुम्ही तिकडून सरळ या. बॅग घेऊन."

"अकराच्या आत पोचतो बघ."

घरबसल्या पदवीची मुलगी एका वृद्धाश्रमात काम करत होती. पाहणीसाहेबांनी आदल्या दिवशी तिथे फोन करून आपला हेतू नीट सांगितला होता: "मला एकदा येऊन सगळं बघायचंय. कसं चालतं, काय खर्च. निर्णय नंतर." पलीकडून फार गोड आवाजात 'या' असं सांगण्यात आलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वृद्धाश्रमात राहायला येणारी प्रत्येक व्यक्ती नेमकं हेच वाक्य बोलते. आश्रमाने त्यासाठी 'एक दिवस राहून बघा' अशी सोयच ठेवली होती. पाहणीसाहेब पोचताच त्यांची बॅग आणि फोन कपाटात ठेवण्यात आले, पायात मऊ चपला देण्यात आल्या आणि रक्तदाब मोजण्यात आला.

"थोडा वाढलाय," ती मुलगी म्हणाली. हीच ती पदवीधर. तरतरीत, हसरी.

"कारण मला अकराला पोचायचंय! मी सर्व्हेअर आहे."

"हो आजोबा. तुम्ही सर्व्हेअर होतात."

"होतात काय! आहे!"

"आहात," ती समजुतीने म्हणाली, आणि शेजारच्या मदतनीसाकडे बघून हलकेच पापण्या मिटल्या. शिकलेलं वाया गेलं नव्हतं. पाहणीसाहेब जे जे बोलत होते ते सगळं तिच्या अभ्यासक्रमात होतं. पहिल्या दिवशी माणूस आपला हुद्दा सांगतो. मग कुणीतरी वाट बघतंय असं सांगतो. मग ओरडतो.

"माझी बायको तिकडे वाट बघतेय!"

"हो ना," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

फाटकावर पहारेकऱ्याचं म्हणणं साधं होतं. राहून बघायला आलेल्याला नातेवाइकाच्या सहीशिवाय बाहेर सोडता येत नाही. मागे एक आजोबा असेच 'ऑफिसला उशीर होतोय' म्हणून गेले होते. नियम पाहणीसाहेबांना मान्य होता, ही सगळ्यात वाईट गोष्ट. इतका चोख नियम त्यांनी स्वतः केला असता.

नातेवाइकाला फोन लावला, पण बायकोचा फोन लागेना. ती कॉलेजच्या रांगेत उभी होती आणि तिथे फोन बंद ठेवायची पाटी होती. पाहणीसाहेबांना व्हरांड्यात आणून बसवलं. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी पत्ते पिसले. "तुम्हीही बघायलाच आलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मीही," ते म्हणाले, आणि पत्ते वाटले.

लाज वाटण्याची गोष्ट अशी की पाहणीसाहेबांना तिथे बरं वाटलं. कुणीतरी गुडघ्यांची चौकशी केली. कुणीतरी पाठीला उशी लावली. छताकडे बघितलं तर ते कोरडं होतं, नुकतंच रंगवलेलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा समोर बायको उभी होती. उन्हातून आलेली, घाम पुसलेला पण नीट न पुसलेला.

"बारानंतर फोन चालू केला," ती म्हणाली.

फाटकावरच्या वहीत तिने सही केली. "नातं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"बायको."

"ताब्यात घेतले, असं लिहा."

तिने लिहिलं.


निष्कर्ष

(हा भाग रिकामा आहे. घरी गेल्यावर पाहणीसाहेबांनी मोठा कागद काढला. तिन्ही पदवीधरांचा पगार, तिसरीचा निघताना विचारून घेतलेला, जवळजवळ सारखाच निघत होता, फरक होता तो फक्त कुणाच्या डोक्यावर किती कर्ज याचा. म्हणजे उत्तर सरळ होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं. बायको बादली रिकामी करत होती. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही.)


नुकसानीचं कारण

दुसऱ्या दिवशी दोघं सरकारी कॉलेजच्या खिडकीपाशी गेली. जाऊ या असं बायको म्हणाली नव्हती. पाहणीसाहेबच सकाळी बॅग घेऊन दाराशी उभे राहिले होते, आणि ती चपला घालून निघाली होती.

"मुदत काल संपली," कारकून म्हणाला. वयाने मुलाएवढाच. "उशिराचा अर्ज घेता येतो, पण कारण लागतं."

"कुठलं कारण चालतं?" पाहणीसाहेबांनी विचारलं.

"इथे तीन आहेत. आजारपण, जवळच्या व्यक्तीचं निधन, नैसर्गिक आपत्ती."

"इतर?"

"होतं. सगळे तेच निवडायचे, म्हणून काढून टाकलं. बोला, कारण?"

नुकसानीच्या कारणाच्या रकान्यात पाहणीसाहेब वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आले होते: निश्चित सांगता येत नाही, बहुधा शॉर्ट सर्किट. त्या वाक्याने कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. ते ओठांवर आलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती खिडकीच्या चौकटीकडे बघत होती.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही काय?"

"कारण. मी."

कारकुनाने मान वर केली. "तुम्ही आजारी होतात?"

"नाही."

"निधन तर नाहीच, इथे उभे आहात." त्याने पडद्यावर बोट सरकवलं. "मग राहिली नैसर्गिक आपत्ती." त्याने बायकोला विचारलं, "बाई, टाकू का?"

"टाका," बायको म्हणाली.

"आपत्तीला अधिकृत सर्व्हेअरचा दाखला जोडावा लागतो."

पाहणीसाहेबांच्या बॅगेत शिक्का होता, कोरे कागद होते. आणि स्वतःच्या घरच्या नुकसानीची पाहणी सर्व्हेअरने स्वतः करायची नाही, हा नियमही होता. त्या नियमापायी एक बादली झिजत आली होती.

त्यांनी बॅग खिडकीच्या फळीवर ठेवून कागद काढला. लिहिलं: नुकसानीचं स्वरूप: मुदत हुकली. कारण: अर्जदाराचा नवरा, निश्चित. नुकसानग्रस्त व्यक्तीकडून कोणतीही हयगय झालेली नाही. सांगितलं तसं काहीही हलवलेलं नाही. मग पेन घसाऱ्याच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. बायको आता खिडकीच्या चौकटीकडे बघत नव्हती. पाहणीसाहेबांनी लिहिलं: लागू नाही. शिक्का मारला. शाईला फुंकर घातली.

बायकोने कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलंय तुमचं," ती म्हणाली, आणि कागद आत सरकवला.

कारकुनाने तो अर्जाला टाचला. "वर पाठवतो."

"वर कोण ठरवतं?"

"ते मला नाही माहीत. मी फक्त पाठवतो."

"मग कधी कळेल?"

"कळवू."

हे 'कळवू' पाहणीसाहेबांनी आयुष्यभर म्हटलं होतं. जळक्या दुकानांच्या दारात, ओल्या गोदामांत, काळवंडलेल्या चेहऱ्यांसमोर. ऐकणाऱ्याच्या बाजूला ते कसं वाजतं, हे त्यांना आज कळलं. आणखी काहीतरी विचारावंसं वाटलं. विचारण्यासारखं काही नव्हतं. मागच्या माणसाने खांद्याला हात लावून पुढे सरकायला सांगितलं.

बायको तोपर्यंत भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली होती. आज इथेच थांबून बघायचं, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. थांबण्याचा तिला सराव होता. तिने पदराने कपाळ टिपलं, पाठ भिंतीला टेकली आणि आपली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली.

पाहणीसाहेब बाकापाशी आले. जागा तेवढी एकच होती. पिशवी उचलून मांडीवर घेतली असती तर बसता आलं असतं, आणि पिशवी काही जड नव्हती.

त्यांनी छताकडे बघितलं. मग पिशवीकडे. मग बॅग छातीशी धरून तिथेच उभे राहिले. पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नसतं.